बाहेरचा बाक

आमच्या संस्थेत माणसाची किंमत खुर्चीवरून नव्हे, बाकावरून ठरायची. ऐकून हसाल, पण खरं सांगतोय. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या अंगाला एका भाड्याच्या कौलारू घरात आमचं हायस्कूल भरायचं. पुढच्या खोलीत संस्थेच्या नियामक मंडळाच्या बैठका व्हायच्या. खोलीबाहेर पडवी आणि पडवीत एक सागवानी बाक. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली फरशीचा तुकडा सारलेला असायचा. त्या बाकावर रावसाहेब बसलेत, डॉक्टर बसलेत, लोखंडाचे व्यापारी बसलेत. मीही बसलोय, आणि चांगला धुमसत बसलोय. या सगळ्यांना तिथे बसवणारा माणूस एकच, आमचे आबा.

आबा मूळचे सोनगीरचे. किल्ल्याच्या पायथ्याशी काळ्या मातीची वडिलार्जित शेती, आणि धुळ्यात वकिली. संस्थेचे ते चिटणीस. अंगाने आडवे, मिशा भरघोस, काळा कोट कोपरावर विटलेला, गळ्यात उपरणं. आवाज असा की बार रूममध्ये ते कुजबुजले तरी साक्षीदाराला बाहेर ऐकू जायचं. दुपारी सगळे वकील डबे उघडायचे तेव्हा आबा फडकं सोडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढायचे आणि टेबलावरच्या कायद्याच्या पुस्तकांना धक्का न लावता मुठीने कांदा फोडायचे. "कांदा सुरीने कापला की रडवतो, मुठीने फोडला की हसतो," असं म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे. मी करून पाहिलं, तर हात दुखला.

बोलणं दोन तऱ्हेचं. न्यायाधीशासमोर इतकं स्वच्छ मराठी की ऐकणाऱ्याला वाटावं, हे पुण्याहून आले. पण राग आला किंवा आनंद झाला की गाडी थेट सोनगीरला. "काय करी ऱ्हायना रे भो?" असं पडवीतून ऐकू आलं की आम्ही मास्तर मंडळी आधी अंदाज घ्यायचो, हा राग आहे की लोभ. सांगणं कठीण. दोन्हींत आवाज सारखाच.

बाकाची सुरुवात कशी झाली ते सांगतो. खेड्यांतल्या मुलांसाठी वसतिगृह बांधायचं ठरलं. टेंडरं मागवली. त्यात एक टेंडर आबांच्या सख्ख्या मेहुण्याचं निघालं. मेहुणे चाळीसगावकडचे, बांधकामाचे ठेकेदार. लिफाफा उघडल्याबरोबर आबा उठले आणि म्हणाले, "मी बाहेर बसतो. हा विषय संपला की हाक मारा."

अध्यक्ष रावसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार. ते म्हणाले, "अहो, तुमच्यावर कोणाचा संशय आहे का? बसा की."

"संशय नाही, तोवरच उठतो," आबा म्हणाले. "ताकाला जायचं तर भांडं लपवायचं नाही. माझ्या बायकोचा भाऊ आहे तो. मी आत बसलो तर तुम्ही त्याला काम द्याल ते माझ्या भिडेने, आणि नाकाराल तेही माझ्याच भीतीने. दोन्ही वाईट."

आणि गेले की पडवीत! तोवर त्या बाकावर शाळेचा शिपाई तुळशीराम घंटेची वाट पाहत बसायचा. आबांनी उपरण्याने बाक पुसला, तुळशीरामला शेजारी बसवून घेतलं आणि त्याच्याशी कपाशीच्या भावावर बोलत राहिले. आत काय चाललंय याकडे कानसुद्धा नाही. मंडळाने टेंडरं पाहिली. मेहुण्याचंच सगळ्यांत कमी होतं, आणि माणूस कामाचा. त्यालाच काम दिलं. आबांनी ऐकलं, मान हलवली, आणि वसतिगृह पुरं होईस्तोवर त्या बाजूला फिरकले नाहीत.

याचा परिणाम भलताच झाला. मेहुणे माझ्याकडे येऊन कळवळून सांगायचे, "मास्तर, दुसरीकडे काम घेतलं की सुखाने झोपतो. इथे भावजी बाहेर जाऊन बसले ना! आता एक वीट जरी वाकडी बसली तरी बहिणीच्या दारात उभं राहायची सोय नाही." त्या वसतिगृहाच्या भिंती अजून बघा. खिळा ठोकायला गेलात तर खिळाच वाकतो.

आबांच्या पत्नी अक्का मात्र सगळ्यांना सांगायच्या, "माहेरचं माणूस आत आलं की आमचे हे बाहेर जातात." सांगताना रागावल्यासारख्या दिसायच्या, पण सांगायच्या मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला.

त्या दिवसापासून तो नियम झाला. ज्याचा संबंध, त्याने बाहेर बसायचं. विषय चालू आहे तोवर बाकावरच्याने आतलं विचारायचं नाही, आतल्याने बाहेर सांगायचं नाही. आणि आबांनी त्याला स्वतःचं एक शेपूट जोडलं. चहा आला की पहिला कप बाकावरच्याला, मग अध्यक्षांना. रावसाहेबांनी भुवया चढवल्या तेव्हा आबा म्हणाले, "बाहेर बसणं ही शिक्षा नाही रावसाहेब, मान आहे. आणि मानाच्या माणसाला चहा आधी." पुढे रावसाहेबांच्या पुतण्याचा मास्तरकीसाठी अर्ज आला आणि रावसाहेब स्वतः बाकावर गेले, तेव्हा त्यांना ते एकदम पटलं. पुतण्याला नोकरी मिळाली नाही. रावसाहेबांना चहा मात्र पहिला मिळाला.

सर्वांत जास्त बाक झिजवला तो चुनीलालभाऊंनी. हे आमच्या मंडळातले मारवाडी सभासद, लोखंड-पत्र्याचं मोठं दुकान. संस्थेला काही घ्यायचं म्हटलं, बादली असो की बिजागरी, की चुनीलालभाऊ उठले. पहिल्यांदा उठले तेव्हा त्यांचं तोंड असं झालं होतं, जणू भर बाजारात कोणी पागोटं उडवलं. नंतर सवय झाली. पुढेपुढे तर विषय निघायच्या आत "चला, माझी जागा" म्हणत जायचे आणि तुळशीरामला म्हणायचे, "साखर जास्त टाक भाई."

आता माझी पाळी. मी शास्त्र शिकवायचो आणि शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मंडळावर होतो. इंग्रजी शाळेतल्या खालच्या वर्गांसाठी मी मराठीतून शास्त्राचं पुस्तक लिहिलं. पुण्याच्या एका प्रकाशकाने छापलं, प्रतीमागे रॉयल्टी ठरवली. पुस्तक चांगलं होतं. मीच लिहिलंय म्हणून सांगत नाही, खरंच चांगलं होतं. आमच्या संस्थेच्या शाळांत ते लावावं असा विषय आला आणि मी बाकावर गेलो. आत खूप वेळ गेला. मला हाक मारली आणि ठराव ऐकवला. पुस्तक लावायचं, पण आपल्या शाळांतल्या मुलांनी घेतलेल्या प्रतींवर मास्तरांनी रॉयल्टी घ्यायची नाही, तेवढी किंमत मुलांसाठी कमी होईल असं प्रकाशकाकडून करून घ्यायचं. बाहेरच्या शाळांत खपेल त्याची रॉयल्टी मास्तरांची.

मी भडकलो. "हे कुठलं शास्त्र? रक्त आटवून लिहिलं मी!"

"मास्तर, वर्गात पोरांना पुस्तक घ्या म्हणून सांगणार कोण? तुम्ही," आबा म्हणाले. "ते पोरगं तुम्हाला नाही म्हणू शकतं का? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घ्यायचं नसतं. अमळनेरचा, जळगावचा हेडमास्तर नाही म्हणू शकतो. त्याच्याकडून खुशाल घ्या, मीच शाबासकी देईन."

मी त्यांच्याशी कित्येक दिवस बोललो नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे की तो ठराव कडक होता. पण हा माणूस काय करावा! एके दिवशी दुकानात जाऊन माझ्या पुस्तकाच्या चार प्रती पुऱ्या किमतीने विकत घेऊन आला, भावकीतल्या पोरांसाठी. आणि पडवीत मला गाठून म्हणतो कसा, "उष्णतेच्या धड्यात छपाईची चूक शे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर. आवृत्ती निघीच निघी, लिही ठेव." असल्या माणसावर रुसणार तरी किती दिवस?

तर असे आमचे आबा. आता खरी गोष्ट सांगतो, ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं.

लढाईचे दिवस होते. आबांनी आयुष्यभर एकच ध्यास घेतला होता, खानदेशात शास्त्राचं कॉलेज. आमची हुशार पोरं मॅट्रिक झाली की ज्यांच्या घरी ऐपत ती पुण्या-मुंबईला जायची. बाकीची दुकानात पुड्या बांधायची, नाहीतर शेतावर परत. आबांचा धाकटा भाऊ असाच परत गेला होता. गणितात पहिला येणारा मुलगा, तो जन्मभर सोनगीरला मोट हाकत राहिला. आबा त्याच्याबद्दल फार बोलत नसत. पण एखादा मुलगा मॅट्रिकनंतर शाळेचा निरोप घ्यायला आला की आबा उठून आत निघून जायचे. मी पाहिलंय ते.

खूप खटपटी झाल्या, आणि विद्यापीठाने शेवटी कळवलं की आमची समिती हिवाळ्यात येईल. प्रयोगशाळेची इमारत उभी दिसली तर मान्यता, नाहीतर विचार पुढे केव्हातरी. पुढे केव्हातरी म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक. गावाबाहेर जागा मिळाली होती, पाया भरून झाला होता, आणि गंगाजळी आटली. छप्पर सोडाच, भिंतींनाही काही उरलं नाही. लोखंड तर बाजारात डोळ्यांना दिसत नव्हतं.

अशा वेळी जळगावकडचे एक जिनवाले शेठ, कापसातली सरकी काढायच्या गिरण्यांचे मालक, पुढे आले. कपाशीच्या संशोधनासाठी देणगी देतो म्हणाले. एवढी मोठी की त्यात प्रयोगशाळाही उभी राहावी. गावात हा हा म्हणता बातमी पसरली. मग देणगीचा मसुदा घेऊन शेठचे मुनीम आले, आणि रावसाहेबांनी तो बैठकीत वाचला.

अटी तीन होत्या. इमारतीचं काम टेंडर न मागवता शेठच्या जावयाला द्यायचं. कपाशीच्या वाणांवर जे संशोधन होईल त्याचे निष्कर्ष आधी शेठना दाखवायचे आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय छापायचे नाहीत. शेठ स्वतः एका वाणाचं बी विकायचे, तेव्हा ही अट कशासाठी होती ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि तिसरी अट अशी की प्रयोगाचं शेत म्हणून सोनगीरची आबांच्या घरची जमीन चांगल्या खंडाने घ्यायची.

तिसरी अट ऐकली आणि सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. मुनीम खाली बघून हसत होता. शेठना आमच्या बाकाची गोष्ट कोणीतरी सांगितली होती. आबा आत असताना पहिल्या दोन अटी पास होणं शक्य नव्हतं. म्हणून आबांचं शेतच मसुद्यात घातलं. आता संबंध आबांचाच. नियम त्यांचाच आणि बाहेर जाणारेही तेच!

आबांनी टेबलावरचं उपरणं उचललं.

"आबा, बसा," रावसाहेब कळकळीने म्हणाले. "हा सरळ डाव आहे. आज नियम राहू द्या."

"डाव आहे हे मलाही कळतं," आबा म्हणाले.

"मग तुमची जमीन द्यायची नाही असं सांगून टाका इथेच, म्हणजे संबंधच उरत नाही," मी म्हणालो.

"जमीन एकट्याची नाही मास्तर, चार भावांची आहे. भावांना न विचारता मी कसं सांगू? आणि आजच्या दिवस नियम बाजूला ठेवला, तर चुनीलालभाऊ, तुम्ही इतकी वर्षं बाहेर बसलात ते काय येडे म्हणून?"

"निदान जाण्याआधी तुमचं मत तरी सांगा," हेडमास्तर म्हणाले.

"मत सांगून बाहेर गेलो तर गेलो कशाला?" एवढंच बोलून ते पडवीत गेले. बाक पुसल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज आला, तुळशीरामकडे चहा मागत होते, "चहा लय रे भो." पण तो आवाज रोजचा नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी आबांना हळू बोलताना ऐकलं.

मुनीमालाही रावसाहेबांनी अंगणापलीकडे बसायला पाठवलं. आत आम्ही पाच जण उरलो. रावसाहेब, डॉक्टर, चुनीलालभाऊ, हेडमास्तर आणि मी.

डॉक्टरांनी तोंड फोडलं. डॉक्टर मनाने सोन्यासारखा माणूस, पण घाईचा. "हे बघा, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. आधी कॉलेज होऊ दे. एकदा पोरं शिकायला लागली की कपाशीचं पुढचं पुढे पाहू. आबांची जन्मभराची इच्छा आहे ही. आपण नाही म्हटलं तर त्यांचंच स्वप्न आपण मोडलं असं होईल."

हे मात्र खरं होतं. हेडमास्तरही मान हलवू लागले. रावसाहेब चष्मा पुसत बसले. मंजूर होतंय, असं मला स्वच्छ दिसायला लागलं. आणि खरं सांगतो, माझ्या मनातही तेच येत होतं, की होऊन जाऊ दे एकदाचं.

तेवढ्यात चुनीलालभाऊ उभे राहिले. बैठकीत उभं राहून बोलायची आमची पद्धत नव्हती.

"डॉक्टरसाब, मी दुकानदार. मला गाय कळते," ते म्हणाले. "धर्माची गाय असली तर दात नाही मोजत कोणी. पण ही गाय बघा. आपल्या गोठ्यात बांधायची, चारा आपण घालायचा, दावं शेठच्या हातात आणि दूधही शेठला. नाकापेक्षा मोती जड झाला भाई!"

"अहो, पण कॉलेज..."

"ऐका. मी पहिल्यांदा त्या बाकावर गेलो तेव्हा आबांना मनात लाख शिव्या दिल्या. नंतर माझं लोखंड घेतलं तुम्ही. आज गावात एक माणूस असा दाखवा जो म्हणेल, चुनीलालने मंडळात बसून माल खपवला. नाही सापडणार. ही अब्रू मला आबांनी दिली. आणि आज तो माणूस बाहेर बसला आहे, शेठने त्याला त्याच्याच दोरीने बांधून बाहेर बसवला आहे, आणि आपण त्याच्या पाठीमागे ठेका जावयाला देणार? कपाशी खोटी ठरली तर शेतकऱ्याला सांगणार नाही? मग उद्या आबा आत आले की त्यांच्या डोळ्याला डोळा कोण देणार? मी नाही देऊ शकत."

ते बसले. मग डॉक्टरांनीच हात टेबलावर आपटला. "लिहा हो रावसाहेब! अटी नामंजूर. बिनशर्त देत असतील तर शेठच्या पाया पडून घेऊ." रावसाहेबांनी विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. मुनीमाला बोलावून सांगितलं. त्याने मसुद्याची गुंडाळी केली आणि पडवीतल्या आबांकडे न बघता टांग्यात बसला.

विषय मात्र संपला नव्हता. छप्पर कशाचं घालायचं? रावसाहेब म्हणाले, आत्ताच ठरवा, उद्यावर गेलं की धीर सुटेल.

"नव्या गोदामासाठी मी लोखंडी तुळया आणून ठेवल्यात," चुनीलालभाऊ म्हणाले. "गोदाम थांबेल. खरेदीच्या भावाने घ्या." आणि म्हणता म्हणता स्वतःच उठले. "चला, माझी जागा." गेले बाहेर.

डॉक्टर म्हणाले, "माझ्या भावाची वीटभट्टी आहे. मी सांगितलं तर विटा पडत्या भावाने देईल." बोलले आणि जीभ चावली. भाऊ म्हणजे संबंध. डॉक्टर बाहेर.

मला कसं राहवेल? म्हणालो, "बाहेरच्या शाळांत पुस्तक बरं खपतंय. त्याची रॉयल्टी इमारत होईस्तोवर संस्थेची. फक्त त्या शाळांत पुस्तकाची शिफारस करायला संस्थेने..." रावसाहेबांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. मी उठलो.

हेडमास्तर म्हणत होते, पांझरेतून वाळू आणायचा ठेका त्यांच्या साडूला द्यावा, साडू अर्ध्यात करेल. तेही माझ्या मागोमाग आलेच.

पडवीत आबांचा चेहरा बघवत नव्हता. एकेक जण तोंड शिवून बाहेर येतोय आणि शेजारी बसतोय. नियमाप्रमाणे त्यांना विचारता येईना, आम्हाला सांगता येईना. त्यांना वाटलं, मंडळ फुटलं, भांडून बाहेर पडताहेत सगळे. चहाचा कप तसाच हातात. दाटीवाटीने आम्ही पाचही जण त्या बाकावर बसलो, आणि हेडमास्तरांचं वजन पडल्याबरोबर खालचा फरशीचा तुकडा सटकला. बाक कलंडला आणि सगळं मंडळ घसरत आबांच्या अंगावर!

तेवढ्यात रावसाहेब दारात येऊन ओरडले, "अहो, कोरम कुठे आहे? आत मी एकटा! ठराव काय भिंतीशी करू?"

"रावसाहेब," आबांनी विचारलं, "मंडळ उठलं का?"

"उठलं कसलं! शेठच्या अटी एकमताने नामंजूर. आणि आता हे सगळे संस्थेला काही ना काही द्यायला निघालेत, म्हणून तुमच्या नियमाने बाहेर बसलेत. सांगा आता चिटणीस, काय करू मी?"

आबा आमच्याकडे बघत राहिले. एकेकाच्या तोंडाकडे. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत. मग पोटातून हसू आलं, असं की समोरच्या कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"अरे माय वो! बठ्ठं मंडळच बाहेर ई गयं!"

हसू ओसरल्यावर वकील जागा झाला. "ऐका. भाव लावणारा बाहेर बसतो. जो भावच लावत नाही, नुसतं देतो, त्याला बाहेर बसायचं कारण नाही."

चुनीलालभाऊंनी कपाळाला हात लावला. "बघा, बघा वकील लोक! बसल्या जागी लुटलं मला." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "काय डॉक्टरसाब, तुमच्या विटा?"

"फुकट," डॉक्टर म्हणाले. "भावाला मी बघतो."

"मग तुळयाही फुकट. चला आत."

माझी रॉयल्टी शिफारशीशिवाय गेली. हेडमास्तरांच्या साडूने वाळू टाकली, आणि वाहायला शाळेची मुलं, त्यांचे बाप, तुळशीराम, कोण कोण आलं. चाळीसगावहून मेहुण्यांनी पुन्हा टेंडर भरलं, आबा पुन्हा बाकावर गेले, आणि पुन्हा मेहुण्यांचंच सर्वांत कमी निघालं. त्यांनी काम असं ओढलं की समिती आली तेव्हा शेवटच्या खिडक्यांना रंग चालला होता.

समितीतले एक वयस्क प्राध्यापक काठीने भिंत वाजवत हिंडत होते. त्यांनी विचारलं, "काम उत्तम आहे. ठेकेदार कोण?"

"चिटणीसांचे मेहुणे," रावसाहेब म्हणाले.

प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडली. मग रावसाहेबांनी त्यांना पडवीत नेलं. बाक आम्ही नव्या इमारतीच्या पडवीत आणून ठेवला होता. सगळी हकिकत सांगितली. प्राध्यापक ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या बाकावर जाऊन बसले. "माझा इथे काही संबंध नाही," म्हणाले, "पण चहा इथेच घेतो."

मान्यता आली! खानदेशाला शास्त्राचं कॉलेज मिळालं. आबांनी सोनगीरला शेतावर भरताची पंगत घातली. वांगी भाजायला धाकट्या भावाला बसवलं आणि पहिलं पानही त्यालाच वाढलं. जिनवाले शेठही पुढच्या वर्षी स्वतः आले, मुनीम नाही, मसुदा नाही, आणि बिनशर्त देणगी ठेवून गेले. त्यांचं बी प्रयोगात फारसं टिकलं नाही. ते तसंच छापलं. शेठ म्हणाले, "बरं झालं, आता दुसरं आणतो."

आबा मात्र एकदा हरले. हरवलं आम्हीच.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी नव्या इमारतीत भरलेल्या मंडळाच्या बैठकीत रावसाहेबांनी शेवटचा विषय पुकारला आणि म्हणाले, "आबा, यात तुमचा संबंध आहे. बाहेर."

"माझा? कसला?"

"बाहेर."

आबा गेले. आम्ही ठराव केला तो एका मिनिटात. प्रयोगशाळेला आबांचं नाव. भिंतीवर माणसाचं नाव लावायला त्यांचा जन्माचा विरोध, म्हणून तर ही युक्ती. ठराव ऐकला आणि आबा पडवीतून गरजले, "माझा विरोध नोंदवा!"

चुनीलालभाऊ दारात उभे राहिले, हात जोडून. "आबा, बाहेरच्याला मत नाही. इतकी वर्षं मला नव्हतं."

आबांचं वकिली डोकं पळवाट शोधत होतं. पण कायदा त्यांनीच केलेला, पळवाट ठेवलीच नव्हती. शेवटी तुळशीरामवर खेकसले, "चहा थंडा शे हाऊ! दुसरा लय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी आता कॉलेजात प्रयोग शिकवायचो, आणि सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. पोरं आत गोळा झाली होती. कोणी खानापूरचं, कोणी साक्रीचं, कोणी सोनगीरचं. काचेची नळी फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हशा. मी घाईने पडवी चढलो तर आबा बाकावर बसलेले, शेजारची जागा उपरण्याने पुसत. दारावर नवीन पाटी, तिच्यावर त्यांचं नाव.

"आबा, इथे काय बसलात? चला ना आत," मी म्हणालो. "पोरांचं काम बघा. प्रयोगशाळा तुमच्या नावाची आहे."

"म्हणूनच ना मास्तर," ते म्हणाले, आणि आतल्या गलक्याकडे कान लावून डोळे मिटून हसले. "ज्याचा संबंध, तो बाहेर. तुम्ही जा आत. पोरं वाट बघताहेत."